कोयनेच्या पावसात सेकंडहँड गिटार

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या पुढे पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कच्या गेटवर उभे राहा. लॅपटॉपची सॅक पाठीवर घेतलेल्या गर्दीत मधूनच एखाद्याच्या खांद्यावर दुसरी एक लांबट काळी बॅग दिसते. आत गिटार. ती त्याला वाजवता येते का, हा प्रश्न विचारायचा नसतो. चार कॉर्ड येत असले तरी वीकएन्डच्या ट्रिपला तेवढे पुरतात. नोकरी लागली की आधी बाइक, मग गिटार, मग जिमचं वर्षाचं पॅकेज असा साधारण क्रम असतो. त्यातलं पॅकेज वाया जातं आणि गिटार पलंगाखाली जाते. वर्षा-दीड वर्षाने ती बाहेर निघते, ओढणीने पुसून तिचे फोटो काढले जातात आणि ती विकली जाते. कधी थेट, कधी एखाद्या दुकानदाराला. दुकानदार तिला नव्या तारा चढवतो, पॉलिश मारतो आणि भिंतीवर टांगतो. नवी अकरा हजारांना पडणारी वस्तू साडेसहा-सात हजारांत मिळतेय म्हटल्यावर आपल्यासारखं कुणीतरी ती घेतंच. आणि महिन्याभरात त्या दुकानात भांडायलाही जातं.

भांडण एकाच शब्दावरून होतं. कंडिशन. ‘एकदम मस्त कंडिशन’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात असतं की लाकूड फुटलेलं नाही, खुंट्या फिरतात, आवाज येतो. आपल्या डोक्यात असतं की ही जवळजवळ नवीनच आहे. दोघंही प्रामाणिक असू शकतात. पण पुढे ब्रिज उखडला, मान वाकली, तारा बोटं कापायला लागल्या, की ‘ही आधीपासूनच अशी होती’ आणि ‘तुम्ही नीट ठेवली नाही’ या दोन वाक्यांच्या पलीकडे गाडी जात नाही.

यातलं कुठलं वाक्य खरं हे ठरवायला एक भारी जागा आहे. कोयनानगर. पावसाळ्यात.

कोयनानगरचं नाव आपण जून ते सप्टेंबर रोज पेपरात वाचतो. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर अशा तीन आकड्यांची ओळ असते आणि तिच्याखाली धरणात किती टीएमसी पाणी झालं ते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो. पुण्यात पडतो त्याच्या सहा-सात पट म्हणा ना. मुंबईच्या पावसासारखा तो अंगावर येत नाही. उंबरजला हायवे सोडून मल्हारपेठ-पाटणकडे वळलं की आधी शिंतोडे, मग वायपर, पाटणच्या पुढे गाडीचे दिवे आणि कोयनानगर येईपर्यंत डोंगर दिसेनासेच झालेले. हेळवाकच्या टपरीवर चहा घेताना कपातलाही अर्धा पाऊसच असावा असं वाटतं. दोन दिवस राहिलात तर मोजे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, बिस्किटं मऊ पडतात आणि चादरीला एक वास येतो जो घरी आल्यावर दोन धुण्यांनी जातो.

तरीही जावं. शिवसागर जलाशयावर ढग इतके खाली उतरतात की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. नवज्याच्या बाजूला ओझर्डेचा धबधबा अंगात आल्यासारखा कोसळत असतो. पाटणजवळ सडावाघापूरच्या पठारावर वाऱ्याने वर उडणाऱ्या ‘उलट्या’ धबधब्यासमोर सेल्फीवाल्यांची जत्रा असते, पण कोयनानगरात तेवढी गर्दी होत नाही. सरकारी वसाहतीचे सरळ रस्ते, शेवाळलेल्या भिंती, कौलांवर आणि पत्र्यांवर सतत वाजणारा पाऊस. रात्री गॅलरीत बसून त्या आवाजावर गिटार वाजवायची कल्पना ज्याला सुचणार नाही तो माणूस नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकालाही ती सुचली. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात आम्ही पाच जण गेलो तेव्हा गाडीत त्याची नवी, म्हणजे जुनी, गिटार होती. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून सात हजारांना घेतलेली.

पहिल्या रात्री तिने छान साथ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारीच सूर हलायला लागला. खुंट्या पिळून पिळून तो कंटाळला. संध्याकाळी तारा फ्रेटबोर्डपासून उंच झाल्याचं बोटांना जाणवायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आळीपाळीने मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. ब्रिजची मागची कड लाकडापासून सुटली होती. पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट. आणि त्या फटीत जुन्या, पिवळट पडलेल्या गोंदाचा थर, त्यात लाकडाचा भुसा.

इथे थोडं गिटारच्या पोटात शिरावं लागेल. स्टीलच्या सहा तारा मिळून ब्रिजला साधारण सत्तर किलोच्या ताकदीने ओढत असतात. ही सगळी ओढ वरच्या पातळ फळीला चिकटवलेल्या एका लाकडी तुकड्यावर. तंबोऱ्यात त्याला आपण घोडी म्हणतो, गिटारमध्ये ब्रिज. फळी बहुतेक वेळा स्प्रूसची असते, तीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची. लाकूड हवेतली ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. गिटार बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता असावी. एसी ऑफिसात ती साधारण तेवढीच असते. कोयनानगरला भर पावसाळ्यात हाच आकडा दिवसेंदिवस नव्वदच्या खाली येत नाही. फळी फुगून पोट वर येतं, पोटाबरोबर ब्रिज वर जातो, म्हणून तारा उंच होतात. इथपर्यंत दुकानदाराचं म्हणणं खरं. हा हवेचा परिणाम आहे, आणि कोरड्या हवेत परत आल्यावर तो बऱ्याच अंशी उतरतो. सगळं लाकूड अस्सल असलेल्या महागड्या गिटारीत तो जास्त दिसतो. यामाहाच्या एफ ३१० सारख्या सुरुवातीच्या, प्लायच्या फळीच्या गिटारी उलट जास्त दणकट निघतात.

पण पोट फुगणं वेगळं आणि ब्रिज उखडणं वेगळं. कारखान्यात नीट चिकटवलेला ब्रिज तीन दिवसांच्या पावसाने सुटत नाही. सुटतो तो मधल्या काळात कुणीतरी काढून पुन्हा चिकटवलेला. घाईत, जुना गोंद न खरवडता, साध्या पांढऱ्या फर्निचरच्या गोंदाने. तो ओलीत मऊ पडतो आणि सतत ओढीखाली हळूहळू सरकतो. पुण्यात, भिंतीवर टांगून, उन्हाळ्यात, तो वर्षभरही टिकला असता. कोयनानगरने तीन दिवसांत त्याचं बिंग फोडलं.

पुण्यात परतल्यावर मित्र दुकानात गेला. आम्ही दोघं सोबत. आता दुकानदाराचा चेहरा तुम्हाला डोळ्यांसमोर आणता येईल: पन्नाशीचा, शांत, हातात चहा. त्याने गिटार उलटी-पालटी करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. “कुठं नेली होती?” आम्ही कोयनेचं नाव घेतल्याबरोबर तो खुर्चीत मागे टेकला. “कोयनेला? ऑगस्टमध्ये? अहो, मग गिटार काय करणार बिचारी!” पुढची वीस मिनिटं तो आम्हाला आर्द्रता शिकवत होता. सगळं बरोबर सांगत होता, हे विशेष. फक्त गोंदाबद्दल बोलत नव्हता. मित्राने फटीचा फोटो पुढे धरला. मग त्याने विकत घेण्याआधीचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं काढलं. त्यात दुकानाच्या नंबरवरून आलेलं वाक्य होतं: ‘एकदम ओरिजिनल आहे, काही काम केलेलं नाही.’ तेव्हा तो मालक जे म्हणाला ते मला अजून आठवतं, कारण त्यात राग नव्हता. “जुन्या गिटारीत काम असतंच हो. पण सांगितलं तर घेतं कोण?”

प्रश्न खरा आहे. आपण सेकंडहँड बाइक घेताना इंजिन उघडलंय का विचारतो आणि ‘हो’ ऐकलं की पाठ फिरवतो. भले ते इंजिन नीट बांधलेलं असो. विकणाऱ्याला खोटं बोलायला आपणही थोडं शिकवतोच. दुकानदारांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. पोरं येतात, एका हिंदी गाण्याचे तीन कॉर्ड वाजवतात, ‘लास्ट प्राइस’ विचारतात, मान सरळ आहे का हे एकदाही डोळा लावून बघत नाहीत. मग गिटार उन्हात गाडीच्या डिकीत ठेवतात आणि पंधरा दिवसांनी परत आणतात. त्यांच्याकडे टाकाऊ गिटार खपवणारेही आपल्यातलेच. पलंगाखालच्या गिटारीला काय झालंय ते विकताना आपण तरी कुठे सांगतो?

तरी माझं मत मित्राच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण मला कोयनानगरातच सापडलं. तिथल्या धरणात.

कोयनेचं धरण दुरुस्त केलेलं धरण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे पाणी अडवायला सुरुवात झाली आणि त्यानंतर लहान-लहान धक्के जाणवायला लागले. त्याआधी हा दख्खनचा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जायचा. धक्क्यांची नोंद घ्यायला परिसरात यंत्रं बसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारनंतर मोठा भूकंप झाला, ६.३च्या आसपास तीव्रतेचा. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. त्या वयाची माणसं अजूनही काळ सांगताना ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असं म्हणतात. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याला तडे गेले. ज्या उंचीवर धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो, तिथे, आडवे तडे.

आता धरणाच्या मालकाने, म्हणजे सरकारने, काय केलं? तडे मोजले. भिंतीचा कुठला भाग, किती उंचीवर, सगळं कागदावर आलं. तडे भरले, पोलादी केबल ताणून भिंत आवळली आणि सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागाला मागून काँक्रीटचा जाड आधार जोडला. सांडव्याचा भाग मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी, २००० नंतरच्या दशकात, मजबूत केला गेला. भूकंपाच्या वेळी धरणातच बसवलेल्या यंत्राने हादऱ्याचा जो आलेख नोंदवला तो जगभरातल्या इंजिनीअरांनी वापरला. आजही धरणांचे अभ्यास करणारी पोरं कॉम्प्युटरवर कोयनेची भिंत हलवून बघतात. कुठे तडा गेला होता हे जगाला माहीत आहे म्हणूनच त्यांचं गणित तपासता येतं. पुढे पाटण तालुक्यातल्या गोठणे इथे २०१७ मध्ये जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं. भूकंप आत कसा शिजतो ते बघायला. त्याची प्रयोगशाळा कराडला आहे.

म्हणजे एवढी मोठी ‘जुनी’ वस्तू, तिच्यावर काम झालेलं, ते काम सर्वांना माहीत. आणि सव्वाशे नव्हे, पण तब्बल १०५ टीएमसी पाण्याचा भार ती दर पावसाळ्यात पेलते. कोयना प्रकल्पाची वीजक्षमता १,९६० मेगावॉट. आपल्या ऑफिसातल्या ज्या एसीमुळे गिटार खूश असते त्यातही कोयनेचा वाटा असणार. नेहरू उद्यानात छत्री धरून धरणाकडे बघताना (वर जायला परवानगी लागते, असंच कुणालाही सोडत नाहीत) मित्र म्हणाला, “एवढं सरळ सांगितलं असतं दुकानदाराने तर मी पाच हजारांना हसत घेतली असती.” तेव्हा अजून त्याने दुकान गाठलंही नव्हतं. दुरुस्तीला त्याची हरकत नव्हतीच. दुरुस्ती लपवून ओरिजिनलचा भाव लावण्याला होती. त्या दोन हजारांच्या फरकावरच सगळं भांडण उभं आहे.

कायदा या बाबतीत आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच उपयोगी आहे. महाराष्ट्रात ग्राहकाने हक्काने बोलायची सवय तशी जुनी. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ची, आणि देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६ मध्ये. सध्या लागू आहे तो २०१९चा कायदा, जुलै २०२० पासून. जुन्या मालाला हा कायदा लागू होत नाही, असं दुकानात छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं कायद्यात कुठेही नाही. वस्तूतला ‘दोष’ कशाला म्हणायचं हे सांगताना कायदा म्हणतो की विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचं सांगितलं त्यापेक्षा माल कमी निघाला तरी तो दोष. कोणत्याही प्रकारे! म्हणजे पाटीवर, जाहिरातीत आणि व्हॉट्सॲपवरही. जुनी गिटार नव्यासारखी नसेल तर तक्रार चालणार नाही, हे खरंच. पण ‘काही काम केलेलं नाही’ असं लिहून दिलं असेल आणि काम निघालं तर तोच तिचा मापदंड.

आणखी दोन गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आहेत. पावती न देणं ही एक. दुसरी आपल्यासाठी सोन्यासारखी: सदोष माल परत घ्यायला नकार देणं. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तीस दिवसांत. काउंटरमागच्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला सदोष मालापुढे काही अर्थ नाही. तीच पाटी रंगीत स्टिकर होऊन सगळीकडे लागलेली दिसते, हा भाग वेगळा.

मात्र १९३० च्या माल विक्री कायद्यात खरेदीदारालाही एक चिमटा आहे. वस्तू तुम्ही तपासून घेतली असेल, तर तशा तपासणीत जे सहज दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही. वाकडी मान, झिजलेले फ्रेट, मागच्या फळीवरचा तडा याबद्दल दुकानाबाहेर पडल्यावर भांडण कमजोर पडतं. ब्रिजखालचा गोंद दिसत नाही, म्हणून तिथे ते टिकतं. शिवाय हा कायदा व्यापाऱ्याविरुद्ध चालतो. कुठल्या तरी हॉस्टेलवरच्या मुलाकडून थेट घेतलीत तर ग्राहक आयोगाची वाट जवळपास बंदच समजा. थेट घेताना स्वस्त पडते, ते उगीच नाही.

आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दुकान मुंबईत असलं आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल, तरी तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते. ही सोय २०१९च्या कायद्याने आणली. दोन वर्षांची मुदत आहे, ऑनलाइन दाखल करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघावा. पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच बोलायला तयार होतात. निकाल लागायला कायद्याने तीन महिने सांगितलेत. प्रत्यक्षात सात हजारांच्या गिटारसाठी तुम्हाला किती सुट्या टाकायच्या आहेत ते तुमच्या टीम लीडला विचारा.

आमचा मित्र आयोगात गेला नाही. त्याने दुकानात तीस दिवसांचा नियम सांगितला, तेविसावा दिवस असल्याचं सांगितलं आणि गप्प बसला. या गप्प बसण्याचा मोठा परिणाम होतो, बरं का. शेवटी ठरलं असं: अडीच हजार परत, आणि ब्रिज नीट काढून, जुना गोंद खरवडून, दुकानाच्या खर्चाने पुन्हा बसवायचा. ‘पूर्ण पैसे परत घे’ असं आम्ही दोघं त्याला कोपराने ढोसत होतो. त्याला मात्र ती गिटार आवडली होती. गिटारच्या बाबतीत माणसं अशीच वागतात आणि दुकानदारांना ते पक्कं माहीत असतं.

या सगळ्यात मला मिरज आठवत राहिली. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगली-मिरजेकडे जातं. त्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम उचललं, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे ‘काम केलेलं’ हा शब्द अपमान नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरचा तो नाजूक उतार, तारेच्या घासण्याने झिजतोच आणि पुन्हा पुन्हा काढून घ्यावा लागतो. चांगली जवारी काढलेला जुना तंबोरा गवई जपून ठेवतो आणि कुणी जवारी काढली ते कौतुकाने सांगतो. दुरुस्ती करणारा अनेकदा बनवणाऱ्याच्याच घरातला. त्यामुळे वाद झाला तर वाद्य घेऊन त्याच दारात जायचं. आपल्या गिटारी इंडोनेशिया-चीनमधून किंवा कोलकात्याहून येतात, मधे तीन मालक होतात आणि मधे कुणी काय चिकटवलं त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून आपल्याला ते कागदावर मागावं लागतं.

मागायचं कसं? दुकानात गेल्यावर तारा सुरात असताना बाराव्या फ्रेटपाशी सर्वांत जाड तारेखाली छोटी स्टीलची पट्टी धरा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, चारच्या पुढे असेल तर कारण विचारा. ब्रिजच्या मागच्या कडेला कागदाचा कोपरा सरकतो का बघा. साउंडहोलमधून मोबाइलचा कॅमेरा आत घालून ब्रिजच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या. नंतर ठोकलेले स्क्रू किंवा ओघळलेला गोंद तिथे दिसतो. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा, कुठे खरखर होते का ऐका. लाजू नका, दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. मग पावतीवर ‘१ गिटार (जुनी)’ एवढंच लिहून घेऊ नका. मॉडेल, सिरियल नंबर, ‘ब्रिज पुन्हा बसवला आहे’ किंवा ‘बसवलेला नाही’, आणि परत करायची मुदत. दुकानदार म्हणेल एवढं कुणी लिहीत नाही. मग हेच सगळं त्याला मेसेज करा आणि त्याचं ‘ओके’ येईपर्यंत पैसे देऊ नका.

आता कोयनानगर. पुण्याहून सातारा ओलांडून उंबरजपर्यंत हायवे, तिथून उजवीकडे मल्हारपेठ, पाटण, हेळवाक. चहा-नाश्ता धरून साडेचार-पाच तास. कोकणातून येणाऱ्यांना चिपळूणहून कुंभार्ली घाट, पण ऑगस्टात घाटाची परिस्थिती विचारूनच निघा. एसटी कराड आणि चिपळूणच्या मधे धावते आणि तिच्या मागच्या सीटवरून पाऊस जास्त छान दिसतो. राहण्याची सोय आधी फोन करून पक्की करा, शनिवारी ऐनवेळी खोली मिळणं कठीण. सोबत गिटार असेलच तर कापडी नव्हे, कडक केस घ्या, आत सिलिका जेलची पाकिटं टाका, वाजवून झाल्यावर खुंट्या एक-दोन वेढे सैल करा आणि केस भिंतीला टेकवू नका. तिथल्या भिंतीही ओल्या असतात. परतताना वेळ असला तर कराडला प्रीतिसंगमावर थांबा. तिथून मिरज दीड-दोन तासांवर आहे आणि सतारमेकर गल्लीत कुणी जवारी काढत बसलेलं असेल, तर बाजूला उभं राहून बघायला कुणी पैसे घेत नाही.